पायथनमध्ये साइन, कॉस, टॅन वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिकोणमितीची फंक्शन्स चुकीचा कोन दिला तरी तक्रार करत नाहीत. साइनला कोणतीही संख्या द्या, ते उणे १ ते १ यांमधले काहीतरी परत देणारच. एरर येत नाही, प्रोग्राम थांबत नाही, आणि चूक लक्षात येते ती पुढे कधीतरी, आलेख वेडावाकडा दिसला किंवा नकाशावरचे अंतर पटेना की. म्हणून खालच्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे: ज्या कोनाचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो कोन घालून कोड तपासा, मगच पुढे जा.

उदाहरणे पायथनची आहेत. फंक्शनची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचे रोमन स्पेलिंग आणि इंग्रजी अंक वापरायचे. सुरुवातीला मॅथ मॉड्यूल इम्पोर्ट केले आहे असे धरून चालू.

साइन ३० म्हणजे अर्धा, हे शाळेत पाठ केले होते. मग मॅथ.साइन(३०) हे -०.९८८०३१६२४०९२८६१८ का देते?

कारण तुम्ही ३० अंश म्हणालात आणि पायथनने ३० रेडियन ऐकले. रेडियन हे कोनाचे दुसरे एकक, १८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन. ३० रेडियन म्हणजे सुमारे १७१८.९ अंश, चार पूर्ण फेरे वजा केले की उरतात साधारण २७८.९ अंश. हा चौथ्या चरणातला कोन, त्यामुळे साइन ऋण आणि उणे एकच्या जवळ. उत्तर अगदी बरोबर आहे, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचे आहे.

अंशांतून रेडियनमध्ये जायला मॅथ.रेडियन्स आहे, परत यायला मॅथ.डिग्रीज. म्हणजे मॅथ.साइन(मॅथ.रेडियन्स(३०)) असे लिहायचे. पाय भागिले १८० हा गुणक हातानेही लिहिता येतो, पण ३.१४ किंवा २२/७ लिहू नका. मॅथ.पाय तयार असताना दुसऱ्याच दशांशस्थळानंतर अचूकता सोडून देण्याचे काही कारण नाही.

माझी एक पद्धत सांगतो. अंश फक्त प्रोग्रामच्या दारात असू द्यावेत: वापरणाऱ्याने दिलेली माहिती आत येताना एकदाच रेडियन करायची, आणि उत्तर दाखवताना एकदाच अंश करायचे. मधल्या सगळ्या कोडमध्ये फक्त रेडियन. शिवाय चलाच्या नावातच एकक लिहायचे, कोन_अंश किंवा कोन_रेड असे. नुसते ‘कोन’ हे नाव सहा महिन्यांनी कोड उघडल्यावर काहीच सांगत नाही.

पण रेडियनच का? अंश सगळ्यांना कळतात.

कारण लहान कोनासाठी, रेडियनमध्ये मोजले तर, कोन आणि त्याचा साइन जवळजवळ सारखेच असतात. ०.०१ रेडियनचा साइन ०.००९९९९८ च्या आसपास येतो. साइनचे विकलन कॉस येते तेही फक्त रेडियनमध्येच. अंश घेतले की प्रत्येक पायरीला पाय भागिले १८० हा गुणक चिकटतो. फंक्शन आतून ज्या सूत्रांनी चालते ती सगळी या सरळ रूपावर उभी आहेत.

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. इ. स. ४९९ मधल्या आर्यभटीय या ग्रंथात ‘ज्या’चे, म्हणजे लांबीत मोजलेल्या साइनचे, कोष्टक आहे; त्यामागे त्रिज्या ३४३८ धरलेली आहे. ही संख्या आली कुठून? वर्तुळाच्या परिघाच्या कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) २१,६००. त्यांना दोन पायने भागा, ३४३७.७५ येतात. म्हणजे कोन आणि लांबी एकाच एककात मोजली. त्यामुळे कोष्टकातली पहिली नोंद, २२५ कलांच्या कोनाची ज्या, २२५ च येते. कोन आणि लांबी एकाच मापाने मोजण्याचा हा विचार रेडियनच्या गाभ्याशी आहे.

मॅथ.साइन(मॅथ.पाय) शून्य का येत नाही? १.२२४६४६७९९१४७३५३२ई-१६ हे काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण ज्याला लोक पायथनची चूक समजतात ते खरे तर त्याचे कौशल्य आहे.

शेवटच्या ‘ई-१६’ चा अर्थ ‘गुणिले दहाचा उणे सोळावा घात’. संख्या अतिशय लहान आहे, पण शून्य नाही. पायचा विस्तार कधी संपत नाही; संगणकाच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या साठवण्याच्या प्रकारात, मात्र ५३ बिटांचीच जागा असते. म्हणून मॅथ.पाय म्हणजे खरा पाय नव्हे, त्याच्या सर्वांत जवळची फ्लोट संख्या, आणि ती खऱ्या पायपेक्षा किंचित कमी आहे. आता पायपेक्षा किंचित कमी असलेल्या कोनाचा साइन किती? जितका कोन कमी, जवळजवळ तितकाच. म्हणजे पडद्यावर आलेली ती चिमुकली संख्या म्हणजे खरा पाय आणि मॅथ.पाय यांच्यातला फरक. ती मॅथ.पायमध्ये कागदावर मिळवा, पायचे पुढचे पंधरा-सोळा अंक हाती येतील.

कॉसचेही तेच. मॅथ.कॉस(मॅथ.पाय/२) हे ६.१२३२३३९९५७३६७६६ई-१७ देते, बरोबर निम्मा फरक.

मग टॅन ९० ला ‘अव्याख्यात’ अशी एरर यायला हवी ना?

येत नाही. मॅथ.पाय/२ हा खरा काटकोन नाही, त्याच्या अगदी अलीकडचा कोन आहे. त्याचा टॅन १.६३३१२३९३५३१९५३७ई+१६ येतो, एकावर सोळा शून्यांच्या घरातली संख्या. तुमच्या कामात ९० अंश येऊ शकत असतील तर टॅन काढण्याआधी तुम्हीच तपासायला हवे. त्याहून चांगले म्हणजे टॅन टाळून साइन आणि कॉस वेगवेगळे ठेवायचे, जमेल तिथे.

साइन ३० आता ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येते. यावर राउंड लावू का?

दाखवताना लावा, गणिताच्या मध्ये लावू नका. मध्येच राउंड केले की हाती असलेले पंधरा-सोळा अर्थपूर्ण अंक तुम्ही स्वतः फेकून देता, आणि पुढच्या प्रत्येक गुणाकारात ती तूट वाढत जाते.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. एक, बरोबरीची तुलना: साइन ३० आणि ०.५ यांच्यात दुहेरी बरोबर चिन्ह टाकले तर उत्तर फॉल्स. दोन, इंट: २ गुणिले साइन ३० म्हणजे १ व्हायला हवे, पण ते ०.९९९९९९९९९९९९९९९९ असते आणि इंट अपूर्णांक कापून टाकते, हाती येते शून्य. खेळातल्या चौकटी किंवा चित्रातले पिक्सेल एका घराने सरकलेले दिसतात त्यामागे पुष्कळदा हेच असते. अशा जागी इंटच्या आधी राउंड हवे.

तुलनेसाठी मॅथ.इजक्लोज वापरा. त्यात एक खोच आहे. इजक्लोज मुळात सापेक्ष फरक बघते, आणि शून्याशी तुलना करताना सापेक्ष फरकाला अर्थ उरत नाही. त्यामुळे साइन पाय आणि ० यांची इजक्लोजने तुलना केली तरी उत्तर फॉल्सच येते. शून्याजवळ काम असेल तेव्हा एबीएस_टॉल (किती निव्वळ फरक चालेल) हा पर्याय, उदाहरणार्थ १ई-१२, आवर्जून द्यायचा.

साइनवरून कोन काढायला एसाइन वापरले. ते एकच कोन देते. दुसरा कुठे गेला?

साइन अर्धा असणारे कोन ३० अंशही आहे आणि १५० अंशही, शिवाय प्रत्येकात ३६० मिळवत गेलात तर अनंत. फंक्शनला एकच उत्तर देता येते, म्हणून एसाइन कायम उणे ९० ते ९० अंशांमधले देते (रेडियनमध्ये, अर्थात). एकॉस ० ते १८० मधले. बाकीची उत्तरे शोधणे तुमचे काम.

हे कुठे नडते याचे एक सुंदर उदाहरण शून्य सावली दिवसाचे आहे. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनातले अंतर, गावाच्या अक्षांशाइतकी झाली की तो दिवस. क्रांतीचे एक सोपे, अदमासे सूत्र असे: २३.४५ गुणिले साइन(३६०/३६५ × (२८४ + दिवसाचा क्रमांक)), कंसातला कोन अंशांत.

पुण्याचा अक्षांश १८.५२ धरा. १८.५२ भागिले २३.४५ म्हणजे ०.७८९८. याचा एसाइन ५२.१६ अंश. वर्षाचा ८१ वा दिवस, म्हणजे २२ मार्च, हा या सूत्राचा शून्य बिंदू आहे, तिथून ५२.१६ अंश म्हणजे सुमारे ५३ दिवस. उत्तर १३४ वा दिवस, १४ मे. कॅलेंडरशी छान जुळते.

पण प्रोग्राम इथे थांबला तर अर्धेच उत्तर मिळाले. दुसरा कोन १८० उणे ५२.१६, म्हणजे १२७.८४ अंश, त्याचे सुमारे १३० दिवस. तो दिवस जुलैच्या अगदी अखेरीस येतो, आणि पुण्यात त्या सुमारास ढग असल्यामुळे तो बहुधा दिसतही नाही. एसाइनने त्याचा उल्लेखही केला नाही. आपल्या गावाचा अक्षांश घालून हे करून पाहा. आणि दिल्लीचा, २८.६, घालून पाहा, म्हणजे पुढच्या प्रश्नाला आपोआप पोहोचाल.

‘मॅथ डोमेन एरर’ कशामुळे येते?

एसाइनला किंवा एकॉसला १ पेक्षा मोठी वा उणे १ पेक्षा लहान संख्या मिळाली. दिल्लीत तेच होते: २८.६ भागिले २३.४५ एकपेक्षा जास्त, आणि दिल्लीत सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. इथे एररच खरे उत्तर आहे.

पण कधी गणित बरोबर असते आणि दशांशांच्या घासाघाशीने १ च्या जागी १.०००००००००००००००२ सारखे काही तयार होते; दोन सदिशांमधला कोन काढताना हे नेहमीचे. अशा वेळी मूल्य आधी मर्यादेत आणा: मॅक्स(-१, मिन(१, मूल्य)). मात्र आधी मूल्य छापून बघा. १.०००००००००००००००२ असेल तर कापणे ठीक, १.२ असेल तर चूक दुसरीकडे आहे आणि कापून तुम्ही ती लपवाल.

एटॅन आणि एटॅन२ मध्ये फरक काय?

एटॅनला फक्त भागाकार कळतो. बिंदू (१, १) असो वा (-१, -१), य भागिले क्ष दोन्हीकडे १, आणि एटॅन दोन्हीकडे ४५ अंश सांगते. दुसरा बिंदू तर तिसऱ्या चरणात आहे. शिवाय क्ष शून्य झाला की भागाकारच अडतो. एटॅन२ दोन्ही सहनिर्देशक वेगवेगळे घेते, चिन्हे बघते, आणि -१३५ अंश असे योग्य उत्तर देते. दिशा काढायची असेल तर कायम एटॅन२.

क्रम लक्षात ठेवा: आधी य, मग क्ष. एक्सेलमध्ये याच नावाचे फंक्शन आहे आणि तिथे क्रम उलटा, आधी क्ष मग य. शीटमधले सूत्र पायथनमध्ये आणताना हा फरक हमखास निसटतो.

उत्तर -१८० ते १८० मध्ये येते. ० ते ३६० हवे असेल तर पायथनमध्ये ३६० ने मॉड्युलो (भागाकाराची बाकी) घ्या. -४५ चे ३१५ होतात. जावा, सी आणि जावास्क्रिप्टमध्ये हेच केले तर -४५ च राहतात, तिथे आधी ३६० मिळवावे लागतात. आणि होकायंत्राची दिशा हवी असेल, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, तर एटॅन२ ला आधी पूर्वेकडचे अंतर आणि मग उत्तरेकडचे द्या.

अक्षांश-रेखांशांवरून दोन शहरांतले अंतर काढतोय. उत्तर भलतेच येते.

दहातल्या नऊ वेळा अक्षांश-रेखांश रेडियनमध्ये बदललेले नसतात. हॅवरसाइन सूत्र असे: दोन अक्षांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन वर्ग, अधिक दोन्ही अक्षांशांचे कॉस गुणिले रेखांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन वर्ग. या बेरजेचे वर्गमूळ, त्याचा एसाइन, त्याची दुप्पट, गुणिले पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर.

मुंबई (१९.०७६०, ७२.८७७७) आणि नागपूर (२१.१४५८, ७९.०८८२) घाला. बरोबर केले तर सुमारे ६८८ किलोमीटर हवाई अंतर येते. अंश तसेच ठेवले तर १३ हजार किलोमीटरच्या वर. इथे आकडा इतका अशक्य आहे की चूक दिसते. दुसऱ्या एखाद्या जोडीसाठी तो पटण्याजोगा चुकीचाही येऊ शकतो. म्हणून ओळखीच्या दोन गावांवर तपासल्याशिवाय असा कोड कुणाच्या हाती देऊ नये.

याच कामाला एकॉसचे आणखी सोपे दिसणारे एक सूत्र आहे. जवळच्या बिंदूंसाठी ते टाळा. लहान कोनाचा कॉस १ ला इतका चिकटलेला असतो की फरक मोजायला अंकच उरत नाहीत. ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये याने सुमारे दहा सेंटिमीटरची अनिश्चितता येते, पण ३२ बिटांत ती दोन किलोमीटरच्या वर जाते. दोन बस थांब्यांमधले अंतर शून्य येणे म्हणजे हेच. त्याच कारणाने, छोट्या कोनासाठी १ उणे कॉस हवे असेल तर त्याऐवजी २ गुणिले अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग लिहा. गणिताने दोन्ही एकच, पण संगणकावर पहिले शून्य देऊ शकते आणि दुसरे खरे उत्तर.

घड्याळ काढले, पण काटे उलटे फिरतात.

वहीत य अक्ष वर जातो, पडद्यावर बहुधा खाली. आणि गणितातला कोन उजवीकडून सुरू होऊन डावीकडे वळतो, घड्याळाचा वरून सुरू होऊन उजवीकडे. दोन्ही एकदम सांभाळायचे तर: क्ष = केंद्राचा क्ष + लांबी × साइन, य = केंद्राचा य − लांबी × कॉस. तासकाट्याचा कोन ३० × तास + ०.५ × मिनिटे. तीन वाजता काटा उजवीकडे दिसला की झाले. चित्रे काढायचे टर्टल मॉड्यूल मात्र अंश घेते, ते मॅथ मॉड्यूलपेक्षा वेगळे वागते हे मुलांना शिकवताना आधीच सांगा.

यादी दिली की ‘मस्ट बी रिअल नंबर, नॉट लिस्ट’ अशी एरर येते.

मॅथ मॉड्यूल एका वेळी एकच संख्या घेते. हजारो कोनांसाठी नमपाय ही लायब्ररी वापरा. तिथे मर्यादेबाहेरच्या एसाइनला एरर येत नाही, इशारा आणि ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) येतो. तो नॅन पुढच्या बेरजांत पसरतो, म्हणून लक्ष ठेवा.

संगणक साइन काढतो तरी कसा? कोष्टक साठवलेले असते का?

सहसा नाही. आधी कोनातून पाय/२ च्या पटी वजा करून तो लहान पट्ट्यात आणतात, आणि तिथे एका बहुपदीने किंमत काढतात. बहुपदीचे सहगुणक असे निवडलेले असतात की त्या पट्ट्यात मोठ्यात मोठी चूकही कमीत कमी राहावी.

कोष्टकाशिवाय साइन काढण्याची युक्ती सातव्या शतकात पहिल्या भास्कराने दिलेली आहे. अंशांतला कोन अ असेल तर १८० − अ ला ब म्हणा. साइन जवळजवळ ४अब भागिले (४०५०० − अब). ३० घाला, नेमका अर्धा येतो. ९० घाला, नेमका १. ४५ ला ०.७०५९ येतो, खरा ०.७०७१. एका ओळीच्या कोडमध्ये मावणारे हे सूत्र ० ते १८० अंशांत मॅथ.साइनसोबत आलेखावर काढून बघा. दोन रेषा वेगळ्या ओळखू येणार नाहीत.

कोन प्रचंड मोठा असला तरी पायथनचे उत्तर सहसा बरोबर असते. मॅथ.साइन(१ई२२), म्हणजे दहाच्या बाविसाव्या घाताचा साइन, -०.८५२२००८४९७६७१८८८ येतो आणि तो बरोबर आहे. पण त्या उंचीवर शेजारशेजारच्या दोन फ्लोट संख्यांत २०,९७,१५२ चे अंतर असते, म्हणजे तीन लाखांहून जास्त फेरे. उत्तर अचूक, पण तुमचा कोन तितका अचूक कधीच नव्हता. अ‍ॅनिमेशनमध्ये कोन वाढवत नेत असाल तर मॅथ.टाउने, म्हणजे दोन पायने, मॉड्युलो घेत राहा.

सेक, कोसेक, कॉट का नाहीत?

एकाला कॉस, साइन, टॅनने भागले की मिळतात. कर्णासाठी मात्र मॅथ.हायपॉट आहे, (३, ४) ला ५.० देते, आणि पायथन ३.८ पासून दोनहून जास्त बाजूही घेते.

चलांना मराठी नावे देता येतात का?

हो. पायथन ३ मध्ये कोन, त्रिज्या, अक्षांश ही देवनागरी नावे सरळ चालतात. एक अडचण फक्त टायपिंगची आहे. ‘वाऱ्याचा_वेग’ मधला ऱ्य काही कीबोर्ड साध्या र पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून लिहितात. ते चिन्ह पायथनला चालत नाही आणि एरर येते. नुक्ता असलेला ऱ वापरला की चालते.

अंकांचे वेगळे आहे. कोडमध्ये ३० असे देवनागरीत लिहिले तर चालत नाही, पण वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर इंट किंवा फ्लोटला दिला तर देवनागरी अंक बिनचूक वाचले जातात. म्हणजे गावाचा अक्षांश मराठी अंकांत विचारून, मराठी नावांच्या चलांत ठेवून, शून्य सावलीच्या दोन्ही तारखा सांगणारा प्रोग्राम आज, आहे त्या पायथनमध्ये लिहिता येतो.